वाचक विचारतात : जुन्या कॉम्प्युटरचा सेल

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तारीख कुठल्या तरी जुन्या १ जानेवारीवर गेलेली असते. 'सीमॉस चेकसम एरर' येतं, एफ-१ दाबावं लागतं. बँकेची साइटही उघडत नाही. जेल रोडवरच्या एका दुकानात मदरबोर्ड बदलायला सांगितलं. तेवढी गरज आहे का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. आधी एवढं करून बघा. रात्री कॉम्प्युटर नुसता शटडाउन करा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. सकाळी वेळ बरोबर असली तर मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ आणि सेटिंग (सीमॉस) जपणारा छोटा गोल सेलच गेला आहे. प्लगला वीज असेपर्यंत घड्याळ पॉवर सप्लायच्या ५ व्होल्ट स्टँडबायवर चालतं. सेल कामाला लागतो तो बटण बंद झाल्यावर. म्हणून रोज रात्री बटण बंद करणाऱ्या घरांत तो लवकर संपतो. (तरी पावसाळ्यात विजा कडाडत असताना बंद कराच.) बँकेची साइट अडते, कारण ब्राउझर साइटच्या सुरक्षा-सर्टिफिकेटची मुदत कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो.

सेल घ्या सीआर २०३२ : ३ व्होल्ट, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदार सीआर २०२५ पुढे करेल, तो २.५ मिलिमीटरचाच असतो, खाचेत ढिला बसतो. एलआयआर २०३२ तर नकोच. तो चार्ज होणारा, ३.६ व्होल्टचा, आणि इथे त्याला चार्ज करणारं कुणी नाही. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असेल तर दुकानातच तपासा, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेला मालही खपवला जातो. नवा सेल ३ च्या वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला सेल बदलावा.

सेल काढला की सेटिंग पुसली जातात, म्हणून आधी बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. मग शटडाउन, वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपवा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. सेलच्या कडेला असलेली छोटी पट्टी बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल आपोआप वर उचलला जातो. स्क्रू-ड्रायव्हर खाली खुपसून उचकटू नका. तो घसरला तर बोर्डावरची बारीक तांब्याची रेघ तुटते, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं. नवा सेल कडांनी धरा, अधिक चिन्ह वर.

सुरू केल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ भरा, बूटचा क्रम लावा आणि साटा मोड (हार्ड डिस्क बोर्डाशी बोलण्याची पद्धत) फोटोत होता तोच आहे ना, हे बघा. आधी एएचसीआय होता आणि आता आयडीई झाला असेल, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं आणि लोक नाहक फॉरमॅट मारून बसतात.

जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून महापालिकेच्या गाडीत ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्या. घरात लहान मूल असेल तर क्षणभरही टेबलावर ठेवू नका; गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, थेट दवाखाना गाठावा लागतो.

प्रश्न : माळ्यावरच्या जुन्या ४८६ कॉम्प्युटरच्या बोर्डावर निळं नळकांडं डाखलेलं आहे, भोवती हिरवट बुरशीसारखं काही. कीबोर्ड चालत नाही.

उत्तर : ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, आणि ती गळली आहे. कॉम्प्युटर चालत असो वा नसो, वायर काढून ती आजच कटरने कापून काढा. गळलेला द्रव अल्कली असतो, म्हणून आधी कापसाच्या बोळ्याने पांढरा व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. हातमोजे घाला. कीबोर्डचा कंट्रोलर बऱ्याच बोर्डांवर तिच्या शेजारीच असतो; काळ्या पडलेल्या रेघा मल्टिमीटरवर तपासा, तुटली असेल तिथे बारीक तार डाखा.

नवी बॅटरी म्हणून ३.६ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक वायरने बोर्डापासून दूर बसवा. कॉर्डलेस फोनचा चालतो. सीआर २०३२ तिथे सरळ जोडू नका. तो बोर्ड बॅटरीला चार्ज करतो आणि हा सेल चार्ज सोसत नाही, फुगतो किंवा फुटतो.