वस्तीच्या गाडीआधी

वडगाव, बेळगाव

बाळ, अनेक आशीर्वाद.

जांबोटीत पोरांसाठी संध्याकाळचा व्हिडिओवर्ग काढतेयस, फी घेणार नाहीस, हे वाचून बरं वाटलं. कॅमेरे किती लागतील असं विचारलंयस. ते शेवटी सांगतो. आधी मला कळव, तुझ्या गावावरून पुढच्या वाड्यांना जाणारी वस्तीची गाडी किती वाजता येते.

चेष्टा करत नाही. आपल्या वर्गातून किती पोरी गळल्या ते तू पाहिलंयस. एकीलाही शिकणं जड गेलं नव्हतं. वर्ग साडेसहाला सुटायचा आणि गाडी सव्वासहाला निघून जायची. मी मात्र दोन वर्षं 'हिचं मन लागत नाही' म्हणत बसलो. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, पोरींचं तिकीट माफ झालं, तेव्हा वाटलं सुटलो. तिकीट माफ झालं, गाडीची वेळ तीच राहिली. शेवटी वर्गच पाऊण तास अलीकडे ओढला. (पोरांना तिकीट पडतंच, ते तुझ्या खर्चात धर.)

फी नाही म्हणजे फुकट, असं समजू नकोस. आमच्या वडगाव-शहापुरात पोर शाळेतून आलं की मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसतं. ते माझ्याकडे तासभर आलं तर त्या कांड्या रात्री त्याची आई भरते. म्हणजे फी तिनं दिली. तुझ्याकडे कांड्यांऐवजी गुरं असतील, रोप लावणी असेल. लावणीचे पंधरा दिवस वर्ग सरळ बंद ठेव, आणि दहावीच्या पोरांना जानेवारीनंतर बोलावू नकोस. आयाबापांना आधी भेट. पोराचा चेहरा कुठं दाखवणार, कुठं नाही, हे त्यांच्यासमोर ठरव.

मदत देणारे येतील. आमच्याकडे एक आले होते. त्यांनी चांगल्या चपला घातलेल्या पोराला चपला काढून मागासमोर उभं राहायला लावलं, फोटोसाठी. मी गप्प बसलो, कारण लॅपटॉप हवा होता. ते अजून खुपतं. तू गप्प बसू नकोस, लॅपटॉप गेला तरी चालेल. १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला, त्यांत अक्षरओळख नसलेल्याही होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर निघालं, तिथली शाळकरी पोरं आपापल्या वस्तीवर माहितीपट करू लागली. तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचं संगम रेडिओ २००८ पासून बोलतंय. तिन्हीकडे काय टिपायचं ते टिपणाऱ्यांनी ठरवलं. तुझ्या पोरांना जत्रेतला पाळणाच टिपायचा असेल तर टिपू दे. गरिबीवरच फिल्म करा, असा आग्रह धरू नकोस.

भाषेचंही तेच. पोरगं 'काय करूलालास?' म्हणालं तर 'काय करतो आहेस' करायला लावू नकोस. एका पोराला मी निवेदन शुद्ध करून दिलं होतं. बातम्या वाचल्यासारखा आवाज आला, आणि त्याची आजी फिल्ममध्ये कन्नडात बोलत होती ती एकटीच जिवंत वाटली.

आता कामाचं. पहिला महिना चित्र नको, नुसता आवाज. तुमच्याकडे कौलांवर पाऊस पडतो तेव्हा माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घोंगडीखाली बसून बोलायला लाव. प्रत्येक जागी अर्धा मिनिट कुणी न बोलता त्या जागेचा आवाज टिपून ठेवा, जोडकामात तोच सांधा झाकतो. आवाज जोडायला संगणकावरचं ऑडॅसिटी पुरे, पैसे पडत नाहीत. फोन विमान मोडवर, भिंग धोतराच्या फडक्यानं पुसलेलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर फोनवर सोपवलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. ते १/५० सेकंदावर बांधून टाक. लग्नाची शूटिंगं करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, निम्म्या नवऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या झाल्या.

राहिले कॅमेरे. एकही विकत घेऊ नकोस. माझे दोन जुने फोन तुला देतो. एकाची बॅटरी दुपारनंतर मान टाकते, चार्जर सोबत आहे. गाडीची वेळ कळव, त्याच गाडीच्या कंडक्टरकडे देऊन ठेवतो.

तुझे
सर