धावणं सोडायला गुडघा दुखावाच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, वजन ७२ किलो, आठवड्याला साधारण ३० किलोमीटर धावणं. हल्ली चार-पाच किलोमीटर झाले की डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. सायकल किंवा पोहणं धरावं का, दम जाईल का, वजन वाढेल का, आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनची फी भरून बसलोय तिचं काय. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "खरं सांगायचं तर कंटाळाही आलाय." मला वाटतं खरा प्रश्न तो आहे, गुडघा मागाहून आलाय.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारच्या बाजूला राहते. बरीच वर्षं धावले, हाफ मॅरेथॉनही केल्या, आणि मग सोडलं. सोडलं तेव्हा माझं काहीएक दुखत नव्हतं. हे मात्र कोणाला पटेना. कमाटीबागेत भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या पायांकडे बघायचा आणि मग विचारायचा, "काय झालं?" समोरच्या गुजराती काकांनी तर न मागता हाडांच्या डॉक्टरचा नंबर पाठवला. नकोसं झालं, एवढं कारण लोकांना पुरत नाही, आणि बहुतेक वेळा आपल्यालाही पुरत नाही. मग आपण गुडघ्याची वाट बघत बसतो. तो दुखला की सुटलो.

म्हणून तुमच्या या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. गुडघा दुखतोय म्हणून धावणं सोडत असाल तर घाई करू नका. ठरावीक अंतरानंतर बाहेरच्या बाजूला दुखणं हे बऱ्याचदा आयटी बँडचं असतं, म्हणजे खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा जो जाड पट्टा असतो त्याचं. अंतर एकदम वाढवलं किंवा खुब्याचे स्नायू कमजोर असले की हे दुखणं होऊ शकतं, आणि योग्य व्यायाम दिले की बहुतेकांचं बरंही होतं. पण तुमचं तेच आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर थेट ऑर्थोपेडिककडे.

आणि "धावून धावून गुडघे झिजतात" हे जे घरोघरी ऐकवलं जातं, त्याला घाबरून तर मुळीच सोडू नका. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये खुबा-गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघालं, बैठं आयुष्य असणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर. एवढ्यावरून धावल्यामुळेच गुडघे वाचतात असं कोणी म्हणू नये, पण हौशी माणसाचे गुडघे धावण्याने खलास होतात हेही त्यातून दिसत नाही.

कंटाळा आला म्हणून सोडत असाल, तर खुशाल सोडा. त्याला सर्टिफिकेट लागत नाही. फक्त धावण्यातून काय काय मिळत होतं ते नीट बघा, कारण ते सगळं एका व्यायामात परत मिळत नाही. दम, हाडांवर पडणारा भार, खर्च होणाऱ्या कॅलरी, आणि सकाळचा तो एक तास ज्यात कोणी आपल्याला हाक मारत नाही, हे सगळं एका बुटाच्या जोडीत येत होतं.

दमाची काळजी सगळ्यात कमी करा. सगळंच बंद केलं तर दोन-तीन आठवड्यांत घसरण सुरू होते हे खरं, पण दुसरा दमाचा व्यायाम चालू ठेवला तर हृदयाला त्याचं बरंचसं काम मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम असं आहे. तो धावूनच करा असं त्यात कुठेही नाही. एक गोष्ट धावणारे लोक हमखास विसरतात: सायकलवर आणि पाण्यात हृदयाचे ठोके धावताना जातात तितके वर जात नाहीत. घड्याळातला जुना आकडा गाठायला जाल तर नुसती दमछाक होईल आणि "यात काही मजा नाही" म्हणून सोडून द्याल.

त्याच सूचनांमध्ये पुढे आणखी एक ओळ आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. धावणारे नेमकी हीच ओळ टाळतात. रविवारी लाँग रन, सोमवारी पाय जड, बुधवारी वेगाचं, मग ताकदीचं "या आठवड्यात नाही जमलं". माझंही वर्षानुवर्षं असंच चालायचं. एकवीस किलोमीटर पळणारी बाई, पण अहिंसा एक्सप्रेसमध्ये पुण्याला जाताना बॅग वरच्या बर्थवर टाकायला कॉलेजातल्या मुलाला विनवायची.

आमच्या गावात याची उणीव असायचं खरं तर कारण नाही. दांडिया बाजारात व्यायामगुरू माणिकरावांचा आखाडा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले तेही याच गावातून. त्या वळणात वाढलेले एक काका आमच्या गल्लीत आहेत. धावणं सोडल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्यांच्याकडचा सगळ्यात हलका मुद्गल, म्हणजे गदेसारखा जड लाकडी दांडका, हातात दिला. मी मनगटाने आणि दंडाने जोर लावून तो डोक्यामागे फिरवायला गेले, दोन-चार फेऱ्यांत खांदा भरून आला. काका म्हणाले, "तू कशाला फिरवतेस? त्याला मागे पडू दे. कोपर कानाजवळ ठेव आणि वर यायला फक्त वाट दे." मग कळलं की सगळं काम पोट आणि पाठ करतात. मुद्गल पाठीमागून लंबकासारखा झुलत असताना कंबर डुलू द्यायची नाही, यात घाम निघतो. श्वास आपोआप फेऱ्यांशी जुळतो. इतकी वर्षं धावून माझ्या पाठीला हे कधी मिळालं नव्हतं.

तुम्ही मात्र आखाड्यातल्या बैठकांपासून सुरुवात करू नका. त्या चवड्यांवर आणि पूर्ण खाली जाऊन मारतात, त्यात गुडघा बराच पुढे जातो. आधी खुर्चीवर बसा-उठा, हात न टेकता. कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलणं, एका पायावर उभं राहणं, पायरीवरून हळू उतरणं, असं साधंच करा. खुबा मजबूत झाला की गुडघ्याचं अर्धं रडगाणं थांबण्याची शक्यता असते.

आता सायकल. सगळे डोळे झाकून सांगतात, "गुडघा दुखतो? सायकल घे." तुमच्या दुखण्यात हा सल्ला उलटू शकतो. आयटी बँडला सगळ्यात त्रास होतो तो गुडघा जरासाच वाकलेला असतो तेव्हा, साधारण ३० अंशांवर. सीट फार उंच असेल तर पेडल खाली जाताना प्रत्येक फेरीत गुडघा त्याच कोनातून जातो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. घरच्या घरी बघायचं असेल तर टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. जड गिअर टाकून रेटू नका, हलक्या गिअरवर भराभर फिरवा. आणि पहाटे निघा. सेवासीवरून सिंधरोटकडे, मही नदीपर्यंतचा रस्ता उजाडताना सुखाचा असतो. नंतर गाड्या वाढतात. गाईंना मात्र वेळेचं बंधन नाही, रस्त्याच्या मधोमध कधीही बसलेल्या सापडतात.

पोहण्यात धावणाऱ्याची फजिती ठरलेली. वर्षानुवर्षं धावून घोटे इतके कडक झालेले असतात की पाण्यात पाय मारले तरी माणूस जागचा हलत नाही. पहिले काही आठवडे शेजारच्या लेनमधली सत्तरीची आजी तुम्हाला मागे टाकेल, ते मनाला लावून घेऊ नका. इथल्या लालबागच्या पोहण्याच्या तलावावर माझ्या शेजारी अशी एक होती, आणि तिला बोलायलाही दम उरलेला असायचा. तुमच्यासाठी खबरदारी एकच: बेडकासारखे पाय मारायचा ब्रेस्ट स्ट्रोक सध्या नको, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. फ्रीस्टाइल शिका. किंवा कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पाय तळाला न लावता धावा. दुखापत झालेले धावपटू दम टिकवण्यासाठी हेच करतात. कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगते.

सायकल आणि पोहणं दोन्हींत एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे हाडांवरचा भार. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीकडून परत येतो, आणि हाडं त्यानेच धट्टीकट्टी राहतात. बायकांना पाळी गेल्यावर हा प्रश्न जास्त येतो, पण पुरुष त्यातून सुटलेले नाहीत. म्हणून आठवड्यात थोडं वजन उचलणं, जिने चढणं, भरभर चालणं असू द्या. मला विचाराल तर गरबा. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला म्हणून नव्हे, आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांच्या अंगात तो आधीपासून आहे म्हणून. गणपती उठले की पुढच्या तयारीला लागायचं. उड्या, गिरक्या, आडवी पावलं, टाळ्या, आणि मैदानावर अनवाणी तास-तास न थांबता. धावण्यात माणूस फक्त पुढे जातो, इथे चारही बाजूंना हलावं लागतं. पहिल्या वर्षी पोटऱ्यांनी मला चांगलाच धडा शिकवला. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत गिरक्या मात्र राहू द्या.

वजनाचा हिशोब सोपा आहे आणि जरा कडू आहे. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे अंदाजे एक कॅलरी जाते. तुमचे ७२ किलो आणि ३० किलोमीटर, म्हणजे आठवड्याला २१०० च्या आसपास. चालून तेवढ्याच अंतरात याहून बऱ्याच कमी जातात आणि वेळ दुप्पट लागतो. धावणं एका दिवसात सुटतं, भूक मात्र महिनोनमहिने धावणाऱ्याचीच राहते. रविवारच्या लाँग रननंतर सेवउसळ, त्यावर वाढीव तर्री आणि पाव, मग घरी येऊन फाफडा-जलेबी, हा कार्यक्रम रन बंद झाल्यावरही चालूच राहतो. जेवण तोडू नका. फक्त ते "कमावलेलं" खाणं कुठलं होतं ते ओळखा आणि तेवढं कमी करा.

राहिला तो एकांताचा तास. याला मला पर्याय मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. जिमात गाणी असतात, तलावावर बॅचची वेळ आणि शिट्टी असते, आखाड्यात काका असतात. बूट घालून दारातून थेट निघता येतं ही धावण्याची सोय दुसऱ्या कशातच नाही, आणि नवे व्यायाम सुटतात ते बहुतेक याच पायी. मी उपाय असा केला: तास तोच ठेवला. त्या वेळात तलाव असेल, मुद्गल असेल किंवा नुसतं चालणं असेल, घरच्यांना एवढंच माहीत की या वेळात ही घरात नसते. तुम्हीही आधी तास राखून ठेवा, त्यात काय करायचं ते नंतर ठरवा. नाहीतर त्या जागी लगेच दूध आणणं आणि मुलांचा डबा येऊन बसतो.

ग्रुपवाले म्हणतील, "थोडी विश्रांती घे, परत येशील." वाद घालू नका, चहाला जात राहा. माझ्या ग्रुपातल्या दोघी आता माझ्याबरोबर मुद्गल फिरवतात आणि धावतातही. तुम्हालाही कधी मनात आलं तर दोन-तीन किलोमीटर धावा की. सोडलं म्हणजे शपथ घेतली असं थोडंच आहे?

मॅरेथॉनची फी गेली असं समजा. अंतर बदलून छोटी रन घेता येते का ते आयोजकांना आत्ताच विचारा, ऐनवेळी बहुधा होत नाही. चालत करायची असेल तर आधी फिजिओची परवानगी घ्या. आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मित्राला देऊन टाकायचा मोह होईल, तो टाळा. त्या नंबरामागे तुमचं नाव, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन नोंदलेला असतो. वाटेत त्याला काही झालं तर फोन तुमच्या बायकोला जाईल.