वाचकांचे प्रश्न : टगच्या विंचचा हिसका

प्रश्न : आमच्याकडे टो-बारशिवाय (जोडदांड्याशिवाय) चालणारा बॅटरीचा टग, म्हणजे विमान ओढून नेणारी गाडी, आहे. नोज स्ट्रटला (पुढच्या चाकाच्या दांड्याला) पट्टा घालून विंचने, म्हणजे पट्टा गुंडाळणाऱ्या मोटरच्या ड्रमने, नोज व्हील टगवरच्या क्रेडलवर (चाक बसायच्या जागेवर) ओढून घेतो. बटण दाबताच विमान हिसका खातं आणि शेवटच्या वीतभर अंतरात चाक धाडकन आत येतं. बटण टकटक दाबून पाहिलं, उपयोग नाही. लहान विंच बसवावी का? — हँगर तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : विंच राहू द्या. आधी ओढ किती लागते ते मोजा. उदाहरणार्थ, किंग एअर बी-200 या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं कमाल उड्डाण वजन 5,670 किलो. सपाट काँक्रीटवर ते हलतं ठेवायला वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे 113 किलो ओढ लागते. नोज व्हीलवर दहावा हिस्सा भार धरला, तर ते चाक क्रेडलच्या 15 अंशांच्या चढावर घ्यायला आणखी 150 किलो. क्रेडलची कड उंच असेल किंवा चाकात हवा कमी असेल तर थोडी जास्त. काम तीनशे किलोंच्या आसपासचं, आणि टगवरची विंच बहुधा हजार-दीड हजार किलोंची असते.

आता हिसका. बटणामागच्या कॉन्टॅक्टरला (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचला) मधलं काही कळत नाही : एक तर बंद, नाही तर पूर्ण चालू. पट्टा मिनिटाला 5 मीटर, म्हणजे सेकंदाला 8 सेंटिमीटर चालतो असं धरा. विमानाने हा वेग सेकंदाच्या विसाव्या भागात घेतला तर स्ट्रटवर 900 किलोंहून जास्त ओढ येते. पट्टा ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात ती थोडी कमी बसते, एवढंच. तोच वेग पूर्ण एका सेकंदात घेतला तर 46 किलो पुरतात. टकटक दाबलं की दर वेळी नवा हिसका बसतो, त्यामुळे ती सवय आजच सोडा.

शेवटच्या वीतभराचं कारण ड्रमवर दिसेल. दोर शेजारी शेजारी बसतो, पट्टा एकावर एक. 64 मिमीच्या ड्रमवर 3 मिमी जाडीचे दहा वेढे चढले की व्यास 124 मिमी होतो. मोटर तेवढ्याच फेऱ्या घेते आणि पट्टा जवळजवळ दुप्पट वेगाने येतो, तोही नेमका जिथे सावकाश यायला हवा तिथे.

म्हणून पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा) बसवा आणि बटणाऐवजी अंगठ्याने कमी-जास्त होणारा, सोडताच शून्यावर येणारा स्विच घ्या. मोटर कायम चुंबकाची, दोन टर्मिनलची असेल तर दोन्ही दिशांचा एकच कंट्रोलर पुरतो. चार टर्मिनलची सिरीज मोटर असेल तर दिशा बदलणारे जुने कॉन्टॅक्टर तसेच ठेवा, कंट्रोलर त्यांच्या आधी जोडा आणि प्रवाह शून्य झाल्यावरच ते उघडतील असा क्रम लावा. चढता रॅम्प, म्हणजे वेग शून्यापासून पूर्ण व्हायचा वेळ, 1 सेकंद, उतरता 0.4 सेकंद. क्रेडलच्या 30 सेंटिमीटर आधी एक सेन्सर लावून तिथून वेग पाव करा, चाक बसल्यावर दुसऱ्या स्विचने थांबवा. लाल आणीबाणी बटण मात्र रॅम्प न पाळता मुख्य वीजच तोडणारं हवं.

कंट्रोलरची प्रवाहमर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त ओढ ठरवणारे अँपिअर, अंदाजाने लावू नका. पट्टा पक्क्या खुंटाला बांधा, मध्ये लोड सेल (ओढ मोजणारं साधन) अडकवा आणि मर्यादा हळूहळू वाढवत न्या. विमानाच्या देखभाल पुस्तिकेत नोज गिअरसाठी दिलेल्या ओढीच्या बरंच खाली थांबा. ही चाचणी पट्टा जास्तीत जास्त सोडून, ड्रमवर किमान तीन वेढे ठेवून करा. वेढे कमी असताना तेवढ्याच अँपिअरला ओढ सर्वांत जास्त मिळते. भरल्या ड्रमवर लावलेली मर्यादा सुरुवातीच्या ओढीला धोक्याची ठरेल.

प्रश्न : बटण सोडलं तरी विंच ओढतच राहिली. कॉन्टॅक्टर बदलला, तीन महिन्यांत पुन्हा तेच. — बारामती

उत्तर : संपर्क चिकटलेत, आणि मूळ बहुधा केबलमध्ये आहे. 12 व्होल्टच्या विंचला जड ओढीत 150 अँपिअर लागले आणि बॅटरीपासून जाऊन-येऊन 6 मीटर केबल 16 चौरस मिमीची असली, तर केबलमध्येच सुमारे 1 व्होल्ट जातो. बॅटरी थकलेली असली की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला (संपर्क ओढून धरणाऱ्या वेटोळ्याला) पुरेसा विद्युतदाब मिळत नाही, संपर्क थरथरतात, ठिणगी पडते आणि तांबं तांब्याला वितळून धरतं. 35 चौरस मिमीची केबल टाका. तोटा अर्ध्याहून कमी होतो. केबलच्या टोकांचे लग नीट दाबून बसवा, गंजलेली अर्थिंगची जागा घासा, कॉइलला उलट डायोड लावा.

लिमिट स्विच (चाक बसल्यावर विंच थांबवणारा) फक्त कॉइलची वीज तोडतो, म्हणून चिकटलेल्या कॉन्टॅक्टरपुढे त्याचं काही चालत नाही. त्याच्या आधी स्वतंत्र मुख्य कॉन्टॅक्टर हवाच. तो नसलेला टग विमानाजवळ नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : विमान क्रेडलवरून उतरवताना विंच कर्कश आवाज करते आणि ड्रमला हात लाववत नाही. — चंद्रपूर

उत्तर : ड्रमच्या आत ब्रेक असलेल्या विंचमध्ये भाराखाली पट्टा सोडताना मोटर ब्रेकशी झगडते आणि सगळी उष्णता ड्रममध्ये साठते. पट्टा सिंथेटिक असेल तर आतले वेढे तिथेच कडक होतात. पूर्ण उलगडून चकाकलेली, ताठ जागा बोटांनी चाचपा; सापडली तर पट्टा बाद. उपाय म्हणजे ब्रेक ड्रमबाहेर, मोटरच्या शाफ्टवर असलेली विंच. विदर्भातल्या उन्हाळ्यात कंट्रोलर सावलीत, धातूच्या जाड पत्र्यावर बसवा.

प्रश्न : नवं नियंत्रण बसवल्यावर चालकाने वेगळं काय बघायचं? — पुणे

उत्तर : उतार. विंच ओढू शकते, अडवू शकत नाही. टगच्या दिशेने 2 टक्के उतार असला की चाकांचा अवरोध संपतो, विमान स्वतःहून येऊ लागतं आणि पट्टा ढिला पडतो. पट्ट्याला झोळ दिसला की थांबा. अशा जागी कॉकपिटमध्ये ब्रेकवर माणूस हवाच. किंग एअर असेल तर रडरचं (शेपटीच्या उभ्या सुकाणूचं) लॉक आधी काढा. नोज व्हील रडरच्या पेडलांशी जोडलेलं असतं. लॉक राहिलं आणि चाक वळलं तर स्टिअरिंगची जोडणी मोडते. हे थांबवणं कुठल्याच कंट्रोलरच्या हातात नाही.