फुकट काम करणाऱ्याला पैसे कोण देतं?

प्रश्न : माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून सुटी होताना तिथल्याच एकानं ‘सीनिअर केअर’वाल्या एजंटचा नंबर दिला. तो वृद्धाश्रम शोधून देतो, आपल्याकडून काही घेत नाही म्हणतो. उमरेड रोडवरच्या दोन जागा त्यानं दाखवल्या. दुसऱ्या जागेचे महिन्याला २२ हजार आणि एक लाख डिपॉझिट. खोली जाईल म्हणून सारखी घाई करून राहिला. ५ हजार ‘टोकन’ आम्ही त्याच्या मोबाइलवर पाठवून दिले. आता धाकधूक वाटते. अशा लोकांना सरकारी परवाना असतो का? सासऱ्यांना अजून काही सांगितलेलं नाही.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, परवान्याचं आधी सांगते. या कामासाठी आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. तुमच्या फाटकावर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्यानं परवाना लागतो, वॉचमनची चौकशी करावी लागते. नव्या स्कीममधला फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे बांधकाम व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आता तर परीक्षाही द्यावी लागते. अंथरुणाला खिळलेला माणूस कुठं राहील हे ठरवणाऱ्याला मात्र एक मोबाइल पुरतो! २०१९ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. वृद्धाश्रम आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचं त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही.

आता ‘फुकट’चं. मी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, समाजसेवा अधीक्षक होते, सुटीच्या कागदांसोबत असे नंबर फिरताना रोज पाहिलेत. पैसे वृद्धाश्रम देतो. माझ्या पाहण्यात साधारण एका महिन्याच्या फीएवढे, कधी निम्मे. नंबर देणाऱ्यालाही त्यातलं काही सुटतं. म्हणजे जो आश्रम कमिशन देत नाही, तो तुम्हाला कधी दाखवलाच जाणार नाही, मग तिथली सेवा कितीही चांगली असो. दोनच जागा का दाखवल्या आणि एवढी घाई का, हे यातून कळतं.

कमिशन घेतो म्हणून माणूस लबाड ठरत नाही. लग्न जुळवणाराही घेतोच, पण तो दोन्हीकडून घेतो हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०११ मध्ये नेमका याच लोकांसाठी कायदा केला. आपली फी कोण देतं, हे एजन्सीनं तिथं कुटुंबाला लेखी सांगायचं असतं. आपल्याकडेही सुरुवात तिथूनच व्हावी असं माझं मत. नुसता परवाना दिला तर तो फ्रेम करून भिंतीवर लागेल, आणि कमिशन आहे तसंच चालेल.

तोवर तुम्हीच त्याला व्हॉट्सॲपवर सरळ विचारा : हा आश्रम तुम्हाला किती देतो? उत्तर टाळलं तरी तेही तुमच्याजवळ लेखी राहील. मग त्याला न कळवता संध्याकाळी जेवणाच्या वेळी आश्रमात जा. रात्री मजल्यावर किती माणसं असतात, लकव्याच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं, मध्यरात्री त्रास झाला तर कोणत्या दवाखान्यात नेतात, कोणत्या गाडीनं, हे विचारा. ऑफिसातल्या मॅनेजरला नव्हे, आयाबाईला विचारा. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा झालेला एखादा पेशंट दिसला तर तिथूनच परत फिरा. आश्रम ट्रस्टचा आहे असं सांगत असतील तर नोंदणी क्रमांक घ्या आणि धर्मादाय कार्यालयात पाहून घ्या. दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनातही चौकशी करता येते, किंवा १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर. डिपॉझिट चेकनं, आश्रमाच्याच नावानं. महिन्याच्या मधेच दवाखान्यात हलवावं लागलं किंवा काही बरंवाईट झालं तर किती परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. हा प्रश्न तोंडावर येत नाही, ठाऊक आहे मला. तरी विचारा.

सासऱ्यांना आजच सांगा. हात-पाय गेलेत, समज गेलेली नाही ना? व्हीलचेअरवर का होईना, जागा पाहायला त्यांना घेऊन जा. एजंट नको म्हणेल, तुम्ही न्या.

राहिला ५ हजारांचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा विनामूल्य सेवेला लागू होत नाही, आणि ‘आम्ही काही घेत नाही’ या वाक्यात या लोकांची खरी सोय तीच असते. तुम्ही पैसे दिलेत, त्यामुळे त्याची ती सोय गेली. ते पैसे कशाचे, हे त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. परत देत नसेल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाका. एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.