प्रेसवर बोट गेले, तर भरपाई कोण देणार?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझे शीट मेटलचे छोटे युनिट असून पॉवर प्रेस व वेल्डिंगवर मिळून सात कामगार आहेत. सर्वांचा गट अपघात विमा काढलेला आहे. शिवाय कामावर घेताना ‘अपघातास मालक जबाबदार राहणार नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतो. तरीही एजंट कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी घ्या म्हणून मागे लागला आहे. ती खरोखर लागते का?

उत्तर : लागते, आणि तो स्टॅम्पपेपर आपण आजच फाडून टाकलात तरी काही बिघडणार नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने रद्दबातल ठरवला होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन झाल्यानंतरही ही भूमिका बदललेली नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला एवढे सिद्ध झाले की मालकाची जबाबदारी लागू होते. त्यात मालकाची चूक होती हे कामगाराला दाखवावे लागत नाही. कामगार दारू प्यायला होता किंवा त्याने यंत्रावरचा संरक्षक गार्ड मुद्दाम काढून ठेवला होता, हा बचाव मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास चालतच नाही. उत्पादन वाढावे म्हणून गार्ड मालकाच्याच संमतीने निघालेला असेल (आणि प्रेस शॉपमध्ये तो बहुधा तसाच निघतो), तर त्या बचावाचा विचारही करू नये.

रक्कम किती होते ते पाहू. हिशेबासाठी मासिक वेतन 2020 पासून कमाल 15,000 रुपये धरले जाते, म्हणजे कामगाराला 18,000 मिळत असले तरी 15,000च. वयाच्या 30व्या वर्षासाठी कायद्याच्या तक्त्यातील गुणक 207.98 आहे. कामगाराचा मृत्यू झाल्यास वेतनाच्या 50 टक्क्यांना या गुणकाने गुणून 15,59,850 रुपये होतात; कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के धरून 18,71,820. प्रेसवर एक तर्जनी मुळापासून गेली, तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 14 टक्क्यांनी घटल्याचे मानले आहे. म्हणजे सुमारे 2,62,000 रुपये, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते आणि समर्थनीय कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

गट अपघात विम्यातून कामगाराला पैसे मिळतात हे चांगलेच आहे, तो बंद करू नये. मात्र त्या रकमेने आपली कायदेशीर जबाबदारी फिटत नाही. कामगार भरपाईची पॉलिसी नेमकी तीच जबाबदारी उचलते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारासाठी तिची गरज पडत नाही, कारण तेथे लाभ महामंडळ देते. पण ती योजना साधारणपणे 10 कामगारांपासून लागू होते, आणि आपल्याकडे सातच आहेत. पुढे संख्या वाढून ती योजना लागू झाली, तरी 21,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा फोरमन तिच्याबाहेरच राहील, हे विसरू नये.

पॉलिसी घेताना कोठे चुकते, तर वेतन जाहीर करताना. हप्ता कामगारांच्या वेतनावर व कामाच्या प्रकारावर ठरतो, म्हणून हप्ता वाचवण्यासाठी सातऐवजी चार माणसे दाखवली जातात किंवा प्रेस ऑपरेटरला हेल्पर म्हटले जाते. अपघातानंतर विमा कंपनी मस्टर आणि पगारपत्रक मागते, आणि तेव्हा ही बचत फार महाग पडते. शेडचे पत्रे बदलायला ठेकेदाराची माणसे येत असतील, तर त्यांचाही समावेश लिहून घ्यावा. आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेतले तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करत बसावे लागते. उपचारखर्चासाठी बहुधा जादा हप्ता भरावा लागतो. दंड विमा कंपनी भरत नाही, आणि व्याजही बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असते; सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे.

प्रश्न : कामावर येताना रस्त्यात अपघात झाला, तर ती जबाबदारीही मालकाचीच का?

उत्तर : काही प्रसंगी, होय. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती; सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ती पुन्हा मंजूर केली. वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध प्रस्थापित होत असेल, तर घर ते कामाची जागा हा प्रवासही कामाचाच भाग मानावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे, आणि नव्या संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. रात्रपाळी असलेल्या मालकांनी आपल्या पॉलिसीत या प्रवासाचा समावेश आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी मागून घ्यावे. आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर वारसांच्या हाती परस्पर रक्कम देऊन पावती घेऊ नये. ती भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा केली तरच दिली असे कायद्यात धरले जाते.