वाचकांचे प्रश्न : बाजाराचा एक दिवस, फोनच्या कॅमेऱ्यातून

प्रश्न : जांभळी नाक्याच्या भाजीबाजाराचा एक दिवस, निवेदन आणि मुलाखतींशिवाय, फोनवर चित्रित करतोय. दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे सरकतात. आवाजही ऐकवत नाही. शिवाय एकच चौकट धरावी की फिरत राहावं?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : पट्टे विजेमुळे येतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. फोनने शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, आपोआप १/६० सेकंद धरलं की त्याशी ताळमेळ बसत नाही. शटर हाताने ठरवता येणारं अ‍ॅप घ्या, १/५० किंवा १/१०० वर लॉक करा. दुपारी चित्र पांढरंफटक पडेल, तेव्हा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा. चालत्या अक्षरांच्या पाट्या याला दाद देतीलच असं नाही. त्या चौकटीबाहेर ठेवलेल्या बऱ्या.

आवाजाचं दुखणं जास्त मोठं. निवेदन नाही म्हटल्यावर सगळा भार त्याच्यावरच! फोन पातळी स्वतःच वरखाली करतो. रिक्षाचा हॉर्न वाजला की सगळं दाबतो, मग सावकाश वर आणतो. तेवढ्यात ‘वीसला दोन जुड्या’ बुडालेलं असतं. वेगळा रेकॉर्डर वापरा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पातळीचं ऑटो बंद, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. हाक हवी तर माइक दीड-दोन फुटांवर. दहा फुटांवरून नुसता गलबला मिळतो. वाऱ्यासाठी माइकला फरची टोपी घाला, स्पंज पुरत नाही. प्रत्येक जागी पाच मिनिटं नुसता तिथला आवाज घ्या, संकलनात सांधे त्यानेच झाकले जातात.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, आवाज चित्राशी जुळवायला. तरीही लांब टेकमध्ये दोन्ही हळूहळू सुटतात, कारण फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतो तो आकडा, किंचित हलत राहतो. संकलनाआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या.

चौकट एकच धरा. बसलेल्या भाजीवालीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे अडीच फुटांवर ट्रायपॉड, आणि दिवसातून पाच वेळा तीन-तीन मिनिटं. मावशींना आधी विचारा, स्क्रीनवर काय दिसतंय तेही दाखवा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन वेळी कॉल येऊन चित्रण थांबतं. जागा मात्र पहाटेच ठरवा. दुपारी मोकळी दिसणारी जागा पहाटे माल उतरवणाऱ्या टेम्पोने अडवलेली असते.