पॅपिलोमा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये गाठीसारखे बदल कसे घडवतात?

पेशी 'कॅन्सरच्या झाल्या' हे बशीत बघून कसं कळतं, असंही तुम्ही विचारलंय. काही वर्षं सेल कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बशीत पेशी वाढवण्याचं काम, केलेलं असल्याने तिथूनच सुरुवात करते.

उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी बशीच्या तळाला चिकटून एकपदरी थर करतात आणि शेजारणीला टेकल्या की विभाजन आवरतं घेतात. त्यांत गायीच्या पॅपिलोमा विषाणूचा (चामखिळी आणणाऱ्या विषाणूचा) डीएनए घातला, तर काही आठवड्यांत त्या सपाट थरावर जागोजागी ढिगारे उठतात. टेकायला तळ नसला, नुसतं जेलीसारखं मऊ अगार असलं, तरी या पेशी वाढतात. हा प्रताप मुख्यतः ई५ या प्रथिनाचा. जेमतेम ४४ अमिनो आम्लांचं हे प्रथिन पेशीपटलात बसून वाढीचा संदेश घेणारा रिसेप्टर परस्पर चालू करतं. दारात कुणी नाही आणि बेल मात्र वाजतेय!

माणसातल्या पॅपिलोमा विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांची तऱ्हा वेगळी. तिथे ई६ आणि ई७ ही प्रथिनं महत्त्वाची. विषाणूकडे डीएनएच्या प्रती काढणारं स्वतःचं एन्झाइम (डीएनए पॉलिमरेज) नसतं, त्यामुळे त्वचेच्या वरच्या थरातल्या, विभाजन सोडून दिलेल्या पेशींना तो पुन्हा कामाला लावतो. ई७ हे विभाजनाला ब्रेक लावणाऱ्या आरबी प्रथिनाला धरतं, आरबीने अडवून ठेवलेले, विभाजनाची जनुकं चालू करणारे ई२एफ घटक सुटतात आणि डीएनएच्या प्रती निघू लागतात. अशा गडबडीत पी५३ या पहारेकरी प्रथिनाने पेशीला थांबवायला किंवा मारायला हवं. पण ई६ पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरून पी५३वर युबिक्विटिनचा, म्हणजे 'हे मोडीत काढा' असा, शिक्का मारवतं, आणि पेशीचीच यंत्रणा त्याचा चुरा करते. शिवाय ई६मुळे गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं टेलोमरेज हे एन्झाइम जागं होतं, म्हणजे पेशीच्या वयाला मर्यादाच उरत नाही.

इथे बहुतेकांची गल्लत होते. अमर झालेली पेशी म्हणजे कर्करोगाची पेशी नव्हे. ई६-ई७ घातलेल्या मानवी त्वचापेशी बशीत वाढतच राहतात, पण प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्या तर सहसा गाठ होत नाही. ती व्हायला रास या वाढीचा संदेश पोचवणाऱ्या जनुकातल्या बिघाडासारखा आणखी एक धक्का लागतो, किंवा बशीत खूप पिढ्या जाव्या लागतात. पी५३सारखे पहारेकरी नसल्याने तेवढ्यात गुणसूत्रांची मोडतोड साचत जाते. शरीरातही संसर्गानंतर कर्करोग व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात (आणि बहुतेकांना होतच नाही), ते याच्याशी जुळतं.

एरवी ई६-ई७वर विषाणूच्याच ई२ प्रथिनाचा लगाम असतो. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसताना ई२चं जनुक अनेकदा तुटतं. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशींत प्रकार १८ अशाच तुटक्या रूपात आहे. त्या पेशींत ई२ परत घातलं, की ई६-ई७ गप्प होतात, पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागतात आणि कित्येक दशकं अखंड वाढत आलेल्या पेशी विभाजन थांबवून म्हाताऱ्या होतात.